वेढे माझे, वेढे अत्तीचे

१७ नोव्हेंबर, रविवार

हलला! काटा हलला! सेल नाही, बटण नाही, भिंतीतून आलेली वायर नाही — आणि काटा हलला!

नीट लिहिते. आज संपर्क केंद्रावर विज्ञानाचा तास होता. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेल्या आम्ही सगळ्या जणी, त्यात मी थोरली — एका पोरीची आई! युवराज सरांनी टेबलावर तारेची गुंडाळी ठेवली. पुस्तकात तिला कुंतल म्हणतात. तिची दोन टोकं काट्याच्या यंत्राला जोडली. गॅल्व्हानोमीटर — केवढं ते नाव! मग चुंबकाची पट्टी माझ्याच हातात दिली. "धनलक्ष्मीताई, घाला आत."

घातली. काटा टुणकन उजवीकडे. बाहेर काढली, तर डावीकडे! मी ओरडलेच. मागच्या पोरी फिदीफिदी हसल्या. हसू देत. चुंबक तारेला शिवतसुद्धा नाही आणि तारेतून वीज पळते, यात हसण्यासारखं काय आहे? रडण्यासारखं आहे, खरं तर!

सरांना विचारलं, वीज आली कुठून? सर जेऊरचे, बोलणं अजून तिकडचंच. म्हणाले, "तुमच्या हातातनं. चुंबक हालवायला तुमी जोर लावता न्हवं? त्योच जोर वीज हून निघतोय."

हाताकडे बघत घरी आले. रिक्षावाल्याला घरचं नीलम नगर सांगायचं, ते केंद्र भरतं त्या शाळेचंच नाव सांगितलं. "ताई, शाळंतनंच बसलाय की तुमी!" म्हणाला.

१८ नोव्हेंबर

अत्तीला सांगितलं. सासूबाईंना अत्ती म्हणायची आमच्या कानडी घरातली रीत. भाकरी थापता थापता म्हणाली, "मास्तरनं मंतर मारला आसंल." तव्यावरची भाकरी उलटली, मग हळूच — "आन् त्येचं बिल येत न्हाय?"

हे चिंचोळीच्या कारखान्यातून आले तेव्हा त्यांनाही सांगायला गेले. पाय धुता धुता म्हणाले, "काट्यानं पोट भरतंय का?" आणि परत तीच अट. एकदाच बसायचं. गेली तर पुस्तकं बांधून ठेवायची, पुन्हा नाव काढायचं नाही. "दहावी म्हंजे खेळ न्हाय. सायन्स लई अवघड असतंय."

असेल अवघड. मला आयटीआयला जायचंय, इलेक्ट्रिशियन व्हायचंय, आणि त्याला दहावी पास लागते. नववीवर घोडं अडलेलं किती वर्षं ठेवू? या घरात दहावी पास एकटे हेच. अत्ती गल्लीभर सांगते, "आमचा शिवपुत्र दहावी पास हाय." बघू या. दुसरीही होईल!

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मी सरांचं डोकं खाल्लं. चुंबक आत घालून तसाच धरून ठेवला, तर काटा सरळ शून्यावर! म्हटलं, सर, चुंबक तर आतच आहे. मग वीज गेली कुठं?

"बसलेल्या चुंबकाचा काय उपेग न्हाय, ताई. हालला पायजे. चुंबकाच्या बलरेषा असत्यात, त्या गुंडाळीतनं जात्यात. किती जात्यात त्ये बदलत ऱ्हायलं तर धारा. बदल थांबला, धारा थांबली."

आणि चुंबक जागेवर ठेवून गुंडाळी हलवली तरी चालतं! कुणीतरी एकानं हलायचं, बस. जोरात हलवलं तर वीज जास्त. वेढे वाढवले तर वीज जास्त. चुंबक दांडगा असला तर अजून जास्त. धरणावरचं पाणी, कोळशाची वाफ, पवनचक्की — सगळे तिथं एवढंच करतात, तारेच्या गुंडाळीजवळ चुंबक फिरवत राहतात! इतकी वर्षं बटण दाबतेय, कुणी सांगितलं नाही मला!

येताना मंडईत भाजीवालीला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय का? कोथमीर देऊ?"

२६ नोव्हेंबर

विद्युत चुंबकीय प्रवर्तन. विद्युत चुंबकीय प्रवर्तन. भांडी घासताना म्हणायला फार छान आहे.

१ डिसेंबर, रविवार

प्रात्यक्षिकाला प्रत्येकीनं काहीतरी करून आणायचंय. बाकीच्या तक्ते काढणार. मी दिवा करणार! प्लास्टिकच्या पाईपचा तुकडा, आत चुंबक मोकळा, दोन्ही तोंडांना बूच. पाईपावर मधोमध तांब्याची बारीक तार गुंडाळायची, टोकांना छोटा एलईडी. पाईप हलवला की चुंबक आत येणार-जाणार आणि दिवा पेटणार. सेल नाही!

सर म्हणाले, "जमलं तर लई भारी. पर पेटला पायजे बरं का, परीक्षेला बाहेरच्या मॅडम येणारेत. न पेटलेल्या दिव्याला मार्क कोण देणार?" विज्ञानच माझं कच्चं. प्रात्यक्षिकाचे मार्क गेले तर लेखीवर पास होणं कठीण, हे मलाही कळतं.

अक्कलकोट रोडवरच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तार मिळाली. चुंबक सरांनी दिला, असला दांडगा की त्याला चिकटलेली पक्कड सोडवायला अत्तीला बोलवावं लागलं.

यांना उजव्या हाताचा नियम विचारला. तीन बोटं कशी धरायची तेवढंच. म्हणाले, "पुस्तकं बदलली आता, आमच्या येळंला येगळं हुतं." आणि डोकं दुखतंय म्हणून झोपले. सगळं येतं त्यांना, सांगायचा तेवढा कंटाळा!

५ डिसेंबर

तार गुंडाळून झाली! आणि कुणी गुंडाळली? मी आणि अत्तीनं!

खरं तर तिला हात लावू देणार नव्हते. पण दुपारी मी तार घेऊन बसले आणि ही समोर येऊन बसली, रोजच्यासारखी. टॉवेलच्या कारखान्यातलं उरलंसुरलं सूत आम्ही घरी आणतो, गाठी मारून रिळांवर गुंडाळून देतो. दोघी समोरासमोर बसतो. माझा हात भरून आला की रीळ तिच्याकडे, तिचा भरून आला की माझ्याकडे. लग्न होऊन आले तेव्हापासून असंच. म्हणाली, "आन् हिकडं. तुला वेढा घट्ट घालता येत न्हाय."

मला! बरं, म्हटलं, निम्मे तू, निम्मे मी. मग काय, दोघींनी मोजायला सुरुवात केली. मी मराठीत, ती कानडीत. माझे झाल्यावर पाईप तिच्याकडे दिला, तिनं माझ्या थरावर तिचा थर चढवला. शेवटी तिनं अजून चार घालायला घेतले तर मी म्हटलं, साकु, अत्ती, पुरे, बरोबरी झाली. उद्या म्हणशील सुनेपेक्षा जास्त काम केलं. तिनं ते चार सोडवले सुद्धा! एका वेढ्याचाही फरक नाही. सूत असो की तांबं, आमच्या घरात अन्याय नाही.

काय देखणी गुंडाळी झालीय! सोन्याच्या बांगडीसारखी लकाकते.

६ डिसेंबर

पेटला नाही.

७ डिसेंबर

टोकं घासली, त्यांच्यावरचं व्हार्निश काढलं, परत जोडली. दिवा उलटा लावून पाहिला. दुसरा दिवा आणला. हलवून हलवून दंड सुजला. नाही. सिद्धी म्हणते, "आई, तुझा खुळखुळा बिघडला." सात वर्षांची पोर, आणि तोंड बघा!

८ डिसेंबर, रविवार

सरांनी काट्याचं यंत्र लावलं. चुंबक आत-बाहेर, आत-बाहेर. काटा मेल्यासारखा. सरांनी तार तपासली, सलग आहे. चुंबक तपासला, चांगला आहे. म्हणाले, "गुंडाळताना कायतरी घोळ हाय. सगळी उकला आन् परत बघा." सगळी उकला! म्हणजे पुन्हा पहिल्यापासून!

घरी हे म्हणाले, "तरी सांगत हुतो." अत्ती माझ्याकडे बघते आणि मी अत्तीकडे. दोघींच्या मनात एकच — हिच्याच वेढ्यांत खोट असणार.

पाईप फळीवर टाकला. नको तो दिवा. तक्ता काढीन.

१४ जानेवारी

आज सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या अक्षता. सगळं सोलापूर तळ्याकाठी लोटलं होतं, पांढऱ्या बाराबंद्याच बाराबंद्या. संध्याकाळी गड्ड्यावर, जत्रेच्या मैदानात गेलो. सिद्धीला पाळण्यात बसायचं होतं, यांना भज्या खायच्या होत्या, आणि मी? पाळण्याच्या मागं जाऊन जनरेटर बघत उभी राहिले! धडधडत होता नुसता. आत काहीतरी गरागरा फिरतंय आणि बाहेर हा लखलखाट — पाळणा, मौत का कुआँ, बांगड्यांची दुकानं. माझ्या अंगावर काटा आला. जनरेटरवाला म्हणाला, "बाई, हितं काय बघताय? बघायचं तिकडं हाय."

तुला काय ठाऊक, बाबा, बघायचं कुठं आहे ते.

महिनाभर फळीकडे बघितलं नाही मी. उगाच रुसले. उकलायचीच ती तार.

१९ जानेवारी, रविवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

दुपारी पाईप लाटण्यावर ओवला. अत्तीनं लाटण्याची दोन्ही टोकं धरली आणि मी तार ओढायला लागले. पाईप तिच्या हातात गरागरा फिरतोय, तार सुटतेय. अर्धी तार सुटली आणि पाईप अडकला. हिसका दिला — आणि पाईप उलटा फिरायला लागला!

मी म्हटलं, थांब. हलू नको. तशीच धर.

अगं बाई! आम्ही बसलो समोरासमोर. मी वेढा घालते तो माझ्यापासून पुढं. अत्तीही घालते तिच्यापासून पुढं. पण माझं पुढं म्हणजे तिचं मागं! सुताला काय त्याचं? सूत कसंही गुंडाळा, सूतच. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. पण वीज तशी नाही! चुंबक आत गेला की माझ्या वेढ्यांतली वीज एकीकडे ढकलते, अत्तीच्या वेढ्यांतली उलटीकडे. आणि दोघींचे वेढे किती? एका वेढ्याचाही फरक नाही! माझ्यातून तिची वजा केली, बाकी शून्य.

एकीनं जरी कामचुकारपणा केला असता तरी काटा थोडा हलला असता! आमच्या न्यायानंच आमचा दिवा मारला!

इतकी हसले की खाली बसले. अत्ती घाबरली. "काय झालं गं? यवा, बोल की!" तिला उलगडून सांगितलं. तिनं लाटणं एकदा पुढं, एकदा मागं फिरवून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे माझे वेढे बरोबर हुते."

हो, अत्ती. तुझेही बरोबर, माझेही बरोबर.

२० जानेवारी

आता प्रश्न — उलटं कुणी व्हायचं? मी म्हटलं, अत्ती, तू स्वतःकडे वेढा घाल. "मी? ह्या घरात तुझ्याआदी आलेय मी. माझा हात असाच जाणार." म्हटलं, बरं, मी घालते माझ्याकडे. चार घातले की हात आपोआप पुढं जातो! सवय ती. पुन्हा उकल, पुन्हा घाल.

शेवटी तीच उठली. समोरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली. भिंतीला पाठ लावून दोघी एका रांगेत, खांद्याला खांदा. आता हिचं पुढं तेच माझं पुढं! लग्नाला इतकी वर्षं झाली पण मी तिच्या शेजारी अशी कधी बसले नव्हते. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येतो.

संध्याकाळी जोडला. हलवला.

पेटला.

पेटला! लुकलुकला, परत लुकलुकला. चुंबक जाताना पेटतो, थांबला की विझतो, येताना पुन्हा. अत्तीनं माझ्या हातातून हिसकावून घेतला आणि अशी हलवत सुटली की बांगड्या वाजायला लागल्या. "बिल न्हाय! बिल न्हाय!" सिद्धी नाचते, मी नाचते. शेजारची वैष्णवी धावत आली, तिला वाटलं घरात साप निघाला.

हे कामावरून आले तेव्हाही आमचा धिंगाणा चालूच होता. त्यांनी दिवा हातात घेतला. हलवला. परत हलवला. बूच काढून आत बघितलं, तारेवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "का पेटतो ह्यो?"

परीक्षा घेत होते माझी! मीही सोडते की काय? बलरेषा, बदल, वेढे, वेग, उलटी धारा — फाडफाड सांगितलं. मधेच म्हणाले, "परत सांग. बलरेषा म्हंजे?" परत सांगितलं. शाबास म्हटलं असतं तर जीभ झडली असती का? पण दिवा उशाशी घेऊन झोपले. मी बघितलं.

११ फेब्रुवारी

प्रात्यक्षिक झालं. बाहेरच्या मॅडम कडक. माझ्या आधीच्या पोरीला रडवलं. माझी पाळी आली, मी दिवा हलवला. पेटला. मॅडमनी चष्मा वर केला.

"चुंबक आत तसाच ठेवला तर?"

"विझणार, मॅडम. बलरेषा बदलल्या तरच धारा."

"पंखा फिरतो तो काय?"

"हे उलटं, मॅडम. तिथं वीज देऊन फिरणं घेतो, इथं फिरवून वीज घेतो."

इथं थांबायचं होतं की नाही? पण माझं तोंड! म्हटलं, मॅडम, अर्धे वेढे उलटे घातले तर काय होतं ते विचारा ना. म्हणाल्या, "विचारलं." मग मी सासू, सून, समोरासमोर, सगळं सांगितलं. मॅडम हसल्या! युवराज सर दारात उभे होते, ते तर रुमाल तोंडाला लावून बाहेरच गेले.

मार्क किती दिले कळत नाही. पण हसल्या.

१० मार्च

विज्ञान भाग एकचा पेपर. जनित्राची आकृती आली! कुंतल काढताना बाण एकाच दिशेनं काढले सगळे, तीन-तीनदा बघून. बाकी पेपर बरा. एक गणित चुकलं, घरी आल्यावर कळलं. रात्रीच्या भाकऱ्या करपल्या. करपलेली अत्तीनंच घेतली.

१२ मे

उद्या निकाल. गेली तर पुस्तकं बांधायची, शब्द दिलाय. मी आजच सगळी एकावर एक रचून ठेवली. मग बाई, विज्ञानाचं परत काढलं!

१३ मे

पास! पास! पास! सगळ्या विषयांत! विज्ञानात बहात्तर!

वैष्णवीच्या मोबाइलवर बघितलं. पहिल्यांदा नंबर चुकीचा टाकला, दुसऱ्याच कुणाचं नाव आलं. मग बरोबर टाकला. धनलक्ष्मी शिवपुत्र — आणि पुढं उत्तीर्ण! अत्तीला वाचता येत नाही, ती म्हणते, "कुटं लिवलंय? बोट लाव." बोट लावलं. तिनं त्या अक्षरांवर हात फिरवला तर मोबाइलवरचं पानच सरकून गेलं. केवढी घाबरली! "गेलं का गं? पास पुसली का मी?"

युवराज सरांना फोन केला. "ताई, आता आयटीआयचा फॉर्म भरा, येळ घालवू नका."

पेढे आणले. गल्लीत वाटले. अत्तीचं पालुपदही बदललं — "आमच्या घरात दोगं दहावी पास हायत!" यांना पेढा दिला. हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. विज्ञानात किती ते तेवढं विचारलं. बहात्तर म्हटलं. मान हलवली आणि चपला घालून बाहेर गेले. आजच्या दिवशी तरी! मला राग आला. फार राग आला.

१४ मे

सकाळी अत्ती देवळात गेल्यावर हे स्वयंपाकघरात आले. ओट्याला टेकून उभे राहिले, कालचा पेढा अजून खिशात. म्हणाले, "मी पास न्हाय." मला वाटलं कारखान्यातलं काही असेल. "दहावी. दोनदा बसलो. दोन्ही येळंला सायन्समदी गेलो. आईला पास सांगितलं, मग तसंच चालत आलं." मग, माझ्याकडे न बघता — "सतरा नंबरचा फॉर्म कवा निघतो?"

मी त्यांना पाटावर बसवलं. समोर नाही, शेजारी.

अत्ती उगीच दोन म्हणत होती. या घरात दहावी पास आधीही एकच आहे म्हणायचे, आजही एकच आहे. ती मी आहे!